छपरावरचं ऊन, बॉनेटखालची वीज

इनव्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याने वर वर सरकायचं, उत्तर टोकाला पूर्वेकडे वळायचं आणि फिरून इनव्हर्नेसलाच यायचं, असा हा ५१६ मैलांचा फेरा आहे. आपल्या हिशेबात साधारण ८३० किलोमीटर. रस्ते जुनेच. २०१५ साली ते एका माळेत ओवून 'नॉर्थ कोस्ट ५००' असं नाव दिलं गेलं आणि पर्यटकांची रीघ लागली. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. गर्दी ओसरलेली, डोंगरउतारावरचं नेचं तांबूस पडलेलं, आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचा हंगामही संपत आलेला.

व्हॅन भावजींची. ताई आणि भावजी लेस्टरला राहतात. भावजींनी तिथे एक वापरलेली मालवाहू व्हॅन घेतली आणि शनिवार-रविवार खपून तिचं चाकांवरचं घर केलं. मागे पलंग, त्याखाली पाण्याची टाकी, बाजूला दोन बर्नरची शेगडी, गुडघ्याएवढा फ्रिज आणि डिझेलवर चालणारा हीटर. मी पलंगाच्या सुतारकामाचं कौतुक करायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "ते कुणीही करेल रे. खरी गंमत इथे आहे," म्हणत त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचं झाकण उघडलं. आत दुसरी बॅटरी, निळ्या रंगाचे दोन चपटे डबे, फ्यूज आणि बोटाएवढ्या जाड लाल-काळ्या केबली.

गाडीची मूळ बॅटरी बॉनेटखाली असतेच. तिचं काम सेल्फ मारण्यापुरतं: काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग गप्प बसायचं. तिच्या प्लेटा त्यासाठीच पातळ असतात. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवला तर सकाळी गाडी सुरू होणार नाही, आणि हायलँड्समधल्या बऱ्याचशा दऱ्यांत मोबाइलला रेंजही नसते. म्हणून राहण्याच्या भागासाठी वेगळी बॅटरी. इथे तिला लेझर बॅटरी म्हणतात. लोडशेडिंगच्या काळात आपल्याकडे घराघरांत इन्व्हर्टरखाली जी ट्यूब्युलर बॅटरी आली, जिच्यात आठवणीने डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं, तिच्याच जातकुळीतली ही. हळूहळू आणि बराच वेळ द्यायचं हा हिचा धर्म.

फरक इतकाच की घरी वीज आली की इन्व्हर्टरची बॅटरी आपोआप भरते. व्हॅनमध्ये वीज 'येत' नाही. कॅम्पसाइटवर जागा घेतली तर खांबावरच्या निळ्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्ट मिळतात, पण भावजींचा कटाक्ष होता की होता होईल तो खांब टाळायचा. त्यात एक कायद्याची मेख आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही मोकळ्या माळावर, डोंगरावर जबाबदारीने फिरायचा आणि तंबू ठोकायचा हक्क दिला. मोटारगाडी मात्र त्यात बसत नाही. व्हॅनवाल्याने मनाई नसलेली पार्किंगची जागा शोधायची किंवा जमीनमालकाला विचारायचं. अशा जागी डोंगर असतो, समुद्र असतो, विजेचा खांब नसतो.

मग बॅटरी भरायची कशावर? छपरावर १०० वॉटची दोन सोलर पॅनेल, आणि गाडी चालू असताना इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. यातलं कोण किती कमावतं हे मोबाइलवर ब्लूटूथने दिसत होतं, आणि शेजारच्या सीटवर बसून तो आकडा मोठ्याने वाचायचं काम पहिल्याच दिवशी माझ्याकडे आलं.

आधी खर्चाची बाजू. भावजींची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, १२.८ व्होल्टची. म्हणजे पूर्ण भरली तर तिच्यात १.२८ किलोवॉट-तास, महावितरणच्या बिलावरचं सव्वा युनिट. एवढ्यात संसार करायचा. थंड हवेत फ्रिज दिवसाला ३० अँपिअर-तास खायचा. हीटर डिझेलवर चालत असला तरी पेटताना त्याचा ग्लो प्लग दोन-तीन मिनिटं ८-१० अँपिअर ओढतो, नंतर पंखा आणि पंप एक-दीड अँपिअरवर चालतात. रात्रभराचे १० धरा. दिवे, पाण्याचा पंप, तिघांचे फोन, ताईचा लॅपटॉप मिळून आणखी १५-२०. एकूण ५५ ते ६०. म्हणजे काहीही जमा झालं नाही तर दुसऱ्या रात्री अंधार.

जमेच्या बाजूला सूर्य. मी पुण्याचा, त्यामुळे सोलर म्हटलं की गच्चीवरचं रणरणतं ऊन डोळ्यांपुढे. इथे हिशेब निराळा आहे. इनव्हर्नेस साडेसत्तावन्न अंश उत्तरेला, डर्नेस त्याहून एक अंश वर. सप्टेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर चढतो. तीही दुपार घड्याळात एक वाजून गेल्यावर येते, कारण उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे ओढलेलं असतं. २१ जूनला, म्हणजे वर्षात सगळ्यात उंच असताना, डर्नेसला तो ५५ अंशांवर पोचतो. पुण्यात ऐन डिसेंबरात, सगळ्यात खाली असताना, तो ४८ अंशांवर असतो. त्यांचा भर उन्हाळा आणि आमचा कडक हिवाळा यांच्यात सूर्याच्या उंचीचा फरक असा सात अंशांचा. जूनमध्ये त्यांची भरपाई होते ती दिवसाच्या लांबीने. तेव्हा तिथे अठरा तास उजेड असतो आणि छपरावरचं पॅनेल सकाळी साडेचारला कामावर हजर होतं. डिसेंबरात सूर्य आठ अंशांवर घुटमळतो. तेव्हा पॅनेल म्हणजे छपरावरचं ओझं.

पॅनेलवर लिहिलेले '१०० वॉट' हे प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरवर १००० वॉटचं ऊन आणि पॅनेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस. व्हॅनच्या छपरावर पॅनेल आडवं झोपलेलं असतं, त्याच्यावर ३० अंशांवरून तिरपं आलेलं ऊन निम्म्याने पातळ होतं. जमेची एकच गोष्ट म्हणजे थंडी. सिलिकॉनला उकाडा मानवत नाही, पॅनेल एक अंश तापलं की ताकद शेकडा ०.४ च्या आसपास घटते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावरची पॅनेल ६० अंशांच्या पुढे जातात, तेव्हा ही घट चांगली जाणवते. स्कॉटलंडमध्ये ती चिंता नाही. पॅनेल विकणाऱ्यांच्या जाहिरातीत मात्र बारा महिने जून असतो.

लॉखकॅरन सोडून किशर्नच्या पुढे आलो आणि बॅलाख ना बा या घाटाची पाटी लागली. शिकाऊ चालकांनी, फार मोठ्या गाड्यांनी आणि कॅराव्हॅन ओढणाऱ्यांनी पुढे जाऊ नये, असं तीवर ठळक लिहिलेलं. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरपर्यंत एका दमात चढणारा, एकाच गाडीच्या रुंदीचा रस्ता. समोरून कोणी आलं की जवळच्या 'पासिंग प्लेस'मध्ये शिरायचं, हात करायचा, पुढे व्हायचं. वरंधा किंवा आंबेनळी ज्याने पावसात चालवलाय त्याला वळणांचं भय वाटणार नाही. कठड्याच्या अभावाचं वाटेल.

"आकडा सांग," भावजी म्हणाले.

"बॉनेटची बॅटरी १२.४."

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत होतं, आणि अल्टरनेटर चालू असूनही व्होल्टेज बंद गाडीसारखं. माझा चेहरा पाहून ते हसले. "थांब, माथा येऊ दे."

माथ्यावर वारा इतका की दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागलं. समोर राझे बेट, त्यामागे स्कायचे कुलिन डोंगर. फोटो झाले आणि आम्ही ॲपलक्रॉसच्या बाजूने उतरायला लागलो. भावजींनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि माझ्या हातातला आकडा चढू लागला: १३.६, १४.२, १४.९.

याचं कारण नव्या गाड्यांच्या स्वभावात आहे. जुना अल्टरनेटर साधा सरळ होता. इंजिन सुरू झालं की १४.२ ते १४.४ व्होल्ट, चढ असो की उतार. धुराचे नियम कडक झाले, युरो ५ आणि युरो ६ आले, आणि कंपन्यांनी डिझेलचा थेंब न् थेंब वाचवायला घेतला. अल्टरनेटर फिरवायलाही इंजिनाची ताकद लागते. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर चढावर, वेग घेताना, त्याचं काम कमी करतो, आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना वाढवतो, म्हणजे एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते. हे उतारावरचं पीक ठेवायला जागा हवी म्हणून तो मूळ बॅटरी मुद्दाम पूर्ण भरतही नाही. गाडीसाठी हे शहाणपणाचं. पण मागच्या बॅटरीला लागते सलग चौदा-सव्वाचौदा व्होल्टची धार, आणि ती इथे मिळत नाही.

सीटखालच्या दोन डब्यांपैकी एक याच्यासाठी होता, डीसी टू डीसी चार्जर. आत येणारं व्होल्टेज १२.२ असो की १५, तो बाहेर १४.२ व्होल्ट आणि ३० अँपिअर हे माप सोडत नाही. घाट चढताना पुढचा आकडा खाली-वर होत होता, तेव्हा मागचा ३० वरून हलला नव्हता. व्होल्टेज पाहून इंजिन चालू आहे की बंद हे त्याला नव्या गाडीत कळू शकत नाही, म्हणून इग्निशनपासून एक बारीक वायर त्याच्यापर्यंत आणलेली असते. किल्ली फिरली की तो जागा होतो. ती वायर जोडलेली नसली तर गाडी तासन्‌तास चालते आणि मागची बॅटरी उपाशी राहते.

मग साधा हिशेब. तासभर गाडी चालवली की ३० अँपिअर-तास जमा, दोन तासांत दिवसाचा खर्च वसूल. या रस्त्यावर वेग ताशी ३० मैलांच्या वर जात नाही, मेंढ्या आडव्या बसलेल्या असतात, त्यामुळे अंतर थोडं कापलं तरी वेळ भरपूर जातो. बॅटरीला मैलांशी देणंघेणं नाही, तिला इंजिनाचे तास हवेत.

ॲपलक्रॉसहून शिल्डेग, टॉरिडन, गेअरलॉख. टॉरिडनच्या दरीत ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं, कारण सूर्य बुटका आणि डोंगर उंच. एकटा लियाखच १,०५५ मीटर. पॅनेलने त्या दिवशी नाव घेण्यासारखं काही केलं नाही. आमच्यापैकी कुणी तक्रारही केली नाही, कारण अशा जागी आकडे बघणाऱ्याला डोळे फुकट मिळालेत म्हणावं लागेल.

अलापूलला पाऊस लागला. स्टोर्नोवेला जाणारी बोट इथून सुटते. धक्क्यावर लोक मान खाली घालून चालत होते आणि आम्ही व्हॅनमध्ये बसून होतो. गाडी हलवायची नाही असं ठरलेलं, त्यामुळे भार सगळा पॅनेलवर. पाऊस असला म्हणून पॅनेल अगदी मेलेलं नसतं, ढगातून झिरपणाऱ्या उजेडावर १०-१५ वॉट देत राहतं. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला दुसरा निळा डबा, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, इथे उपयोगाला येतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. १८ व्होल्टवर चांगलं चालणारं पॅनेल १३ वर राबतं आणि मधला फरक बुडतो. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जादा व्होल्टेजचे अँपिअर करून पुढे देतो. भावजींनी दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये जोडली होती. त्यांचा कंट्रोलर जागा व्हायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्टने जास्त लागतं. दोन पॅनेलांची बेरीज असली की ते अंधुक उजेडातही लवकर गाठलं जातं. एवढं सगळं करून संध्याकाळी जमा किती? १० अँपिअर-तास. खर्च त्याच्या सहापट.

त्यात ताईला चटणी वाटायची होती. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून आणलेला नारळ, मिरच्या, आणि घरून सोबत घेतलेला लहान मिक्सर. भावजींचा जीव खाली-वर व्हायला लागला.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे," ताई म्हणाली.

"५०० वॉट आहे तो!"

"मग दोन मिनिटंच ५०० वॉट."

ताईचं बरोबर होतं. इन्व्हर्टरमधली गळती धरून मिक्सरने ४४ अँपिअर ओढले, ऐकायला भयंकर आकडा, पण दोन मिनिटांत मिळून दीड अँपिअर-तास. कोपऱ्यात गुरगुरणारा फ्रिज तीन अँपिअरवर चालायचा आणि दिवसभरात त्याच्या वीसपट खायचा. व्हॅनमध्ये बॅटरी बसते ती अशा न दिसणाऱ्या, अखंड चालणाऱ्या गोष्टींनी. चटणी-भात झकास झाला.

दुसऱ्या सकाळी बॅटरी ४५ टक्क्यांवर होती. हा टक्का व्होल्टमीटरवरून कळत नाही. शिशाच्या बॅटरीत व्होल्टेजवरून अंदाज बांधता येतो, विसावलेली असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. म्हणून बॅटरीच्या ऋण टोकावर शंट बसवतात, तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. मी बसल्या जागी इंजिन चालू ठेवू या का असं विचारलं. ब्रिटनमध्ये रस्त्यावर उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवण्याबद्दल दंड होऊ शकतो, हे एक. दुसरं, अल्टरनेटरला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो. इंजिन मंद फिरत असताना पंखाही मंद, आणि नेमकं तेव्हा जास्त काम मागितलं तर तो तापतो.

आम्ही उत्तरेला निघालो. वाटेत नॉकन क्रॅग, जिथे जुने खडक नव्या खडकांच्या उरावर चढून बसलेत आणि ज्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्रज्ञांना भांडत ठेवलं. मग लॉख असिंटच्या काठावर आर्डव्रेकचा पडका वाडा, मग १९८४ साली खुला झालेला कायलेस्कूचा बाकदार पूल. ढग फाटले होते. ऊन आणि इंजिन एकाच वेळी कामाला लागले, ३० इंजिनाचे आणि वर तीन-चार सूर्याचे. दोन्ही चार्जर एकाच बॅटरीला जोडले तर भांडतील, अशी भीती पुष्कळांना असते. ते भांडत नाहीत. दोघेही बॅटरीचं व्होल्टेज बघतात, ते वाढत गेलं की आपापला हात आखडता घेतात. डर्नेसला पोचेपर्यंत बॅटरी शंभरला टेकली होती.

डर्नेसला आकाश स्वच्छ मिळालं. इथून पुढे उत्तरेला नुसता समुद्र. स्मू गुहा बघून आलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, आणि २०० वॉटच्या पॅनेलांवर फोन ७० वॉट दाखवत होता. भावजी शिडी लावून वर चढले. समुद्रपक्ष्याने एका पॅनेलवर तळहाताएवढी विष्ठा टाकली होती आणि सगळ्या काचेवर खाऱ्या तुषारांचा पापुद्रा. पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक झाकली गेली की तिच्या रांगेतल्या सगळ्या अडतात. मग बायपास डायोड ती रांग वगळून प्रवाह पुढे नेतो, म्हणजे तळहाताएवढ्या डागापायी अर्धं पॅनेल हिशेबाबाहेर. ओल्या फडक्याने पुसल्यावर ८८. याच्यावर त्या उन्हात जाणार नव्हतंच. पॅनेल सूर्याकडे कलतं उभं केलं तर दुपारी जवळपास दुप्पट मिळालं असतं, पण त्या वाऱ्यात कलतं पॅनेल म्हणजे शीड.

शेजारी एक जुनी व्हॅन उभी होती, १९९० च्या दशकातली, यॉर्कशरच्या एका निवृत्त जोडप्याची. भावजींना शिडीवर पाहून म्हातारबुवा चहाचा मग घेऊन आले, आणि अर्ध्या तासात दोघे एकमेकांच्या सीटखाली डोकं घालून बसले होते. त्यांच्याकडे डीसी टू डीसी चार्जर नव्हता. ११० अँपिअर-तासांच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या, आणि पुढची-मागची बॅटरी जोडणारा साधा रिले. इंजिन सुरू केल्यावर थोड्या वेळाने 'खट्' असा आवाज आला. व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. जुना अल्टरनेटर सलग १४.४ देत असल्याने हे काम बिनबोभाट चालतं. त्यांना महागडा चार्जर घ्या म्हणणारा दुकानदारच असणार. भावजींच्या गाडीत मात्र तोच रिले चढावर बंद, उतारावर चालू, असा उड्या मारत बसला असता. आणि त्या रिलेवर लिथियम जोडणं तर नकोच. लिथियमचा आतला रोध इतका कमी की अल्टरनेटर जेवढं देईल तेवढं ती ओढत राहील, तो करपेपर्यंत.

त्यांच्या २२० अँपिअर-तासांपैकी वापरायचे मात्र निम्मेच. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार नेली की आयुष्य घटतं. म्हणजे जवळपास ५० किलो वजन वाहून त्यांच्या हाती १०० च्या घरातच वीज, आणि भावजींची बॅटरी १२ किलोची. साध्या परवान्यावर चालवायच्या गाडीला ३,५०० किलोंची मर्यादा असते. त्यात माणसं, पाणी, गॅस सगळं बसवताना हे किलो महत्त्वाचे.

मला जास्त रस वाटला तो दुसऱ्या गोष्टीत. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते, नंतरचे २० टक्के ती चार-पाच तास लावून, हट्ट करत घेते. तासा-दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ती कधीच पूर्ण होत नाही. आणि दिवसचे दिवस अर्धवट राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, मग तिचं पोट कायमचं लहान होतं. ते शेवटचे २० टक्के म्हातारबुवा सूर्याकडून घेत. त्यांचं एकच १२० वॉटचं पॅनेल, तेही पीडब्ल्यूएमवर, पण दिवसभर थेंब थेंब देत राहणारं. शिशाला ते अमृत. भावजींच्या लिथियमला पूर्ण भरण्याची गरजच नाही, ती साठ-सत्तर टक्क्यांवर सुखाने राहते. तिला भूक लागते ती एकदम मोठ्या घासाची, आणि तो देतं इंजिन. 'सोलर किती वॉटचं घेऊ?' असं विचारणाऱ्याला आधी 'बॅटरी कोणती, आणि रोज गाडी किती तास चालवणार?' हे विचारायला हवं, अशा मताला मी तिथे आलो.

म्हातारबुवांची केबल अंगठ्याएवढी जाड होती, आणि भावजींना तिचं फार कौतुक. पुढच्या बॅटरीपासून मागे सहा मीटर तांबं जातं. ६ चौरस मिलिमीटरची केबल वापरली तर ३० अँपिअरला वाटेतच अर्धा व्होल्ट गळतो, १४.४ चे १३.९ होतात, आणि शिशाची बॅटरी तेवढ्यावर कधीच पूर्ण भरत नाही. १६ चौरस मिलिमीटरमध्ये गळती ०.२ व्होल्टवर येते. त्या केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज होते. घरातल्या वायरिंगला एका बाजूला फ्यूज पुरतो कारण वीज एकाच बाजूने येते. इथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे केबल घासून पत्र्याला टेकली तर दोन्हीकडून आग लावायला वीज धावते.

डर्नेसनंतर लॉख एरिबॉलचा लांबलचक वळसा, टंग, बेटिहिल. पुढे किनाऱ्यावर डूनरेचा पांढरा गोल दिसतो, ब्रिटनच्या फास्ट रिॲक्टरच्या प्रयोगांची जागा. शेवटची भट्टी १९९४ मध्ये बंद झाली, तेव्हापासून आवराआवर चालू आहे. डनेट हेडला ब्रिटनच्या मुख्य भूमीचं खरं उत्तर टोक, रॉबर्ट स्टीव्हन्सनने १८३१ मध्ये बांधलेलं दीपगृह, आणि जॉन ओ ग्रोट्सपेक्षा पुष्कळ कमी माणसं. विक ओलांडून दक्षिणेला वळलो की डाव्या हाताला समुद्रात बियाट्रिस प्रकल्पाच्या पवनचक्क्या लागतात, एकूण ८४, प्रत्येकी ७ मेगावॉट. भावजींनी लगेच भागाकार केला: त्यांच्यातली एक पूर्ण जोरात फिरली तर आपली बॅटरी एका सेकंदाच्या आत भरेल.

ए-९ हा रुंद रस्ता लागल्यावर व्हॅन सुसाट निघाली आणि बॅटरी हेम्सडेलच्या आधीच भरली. इनव्हर्नेसच्या पंपावर डिझेल भरताना ताईने विचारलं, "म्हणजे ही इंजिनाची वीज फुकटच ना?"

फुकट नाही. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. इंजिन तिचा तिसरा हिस्सा दांड्यावर आणतं, अल्टरनेटर त्यातला निम्म्याहून थोडा जास्त विजेत उतरवतो, चार्जर आपली दलाली कापतो. हाती उरतं दीड-पावणेदोन किलोवॉट-तास. म्हणजे भावजींची बॅटरी तळापासून भरायला पाऊण लिटरच्या थोडं वर डिझेल जातं. उतारावर भरली तर त्याहून कमी. गाडी तशीही चालणारच होती म्हणून ते बिल वेगळं दिसत नाही, एवढंच.

"आणि माझी चटणी?"

भावजींनी नोझल जागेवर अडकवला आणि खरंच बोटं मोजली. "बारा मिलिलिटर. दोन चमचे."

"मग पुढच्या वेळी इडलीचं पीठही वाटीन," ताई म्हणाली आणि बिल द्यायला आत गेली.